टाकीखालची भिंत

बसवेश गवंड्यानं भिंतीवरून एक बोट ओढलं आणि ते सगळ्यांसमोर धरलं. बोटाला करडी, ओलसर लव चिकटून आली होती, मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यावर येते तशी.

“हे बघ जोत्या,” तो म्हणाला, “ह्याच्यावर फरशी लाव म्हणतोस? वर्षभरात एखादी सुटली आणि कुणाच्या टाळक्यात पडली की शिव्या मला घालशील. आधी ही भिंत बाहेरून घासून, धुऊन काढ. खाली काय दडलंय ते दिसू दे मला. मग सांगतो, फरशी लावायची, का नुसता गिलावा करायचा, का पाडून नवी बांधायची.”

“धुवायला काय, लावू की एखादा माणूस,” जोतिराम म्हणाला.

“माणूस कशाला?” उंबऱ्यात बसलेल्या त्याच्या आई, रंभाबाई म्हणाल्या. “जिनं घालवली ती धुईल.”

त्यांची सून राजनंदिनी मागंच उभी होती, दुर्वाला कडेवर घेऊन. दुर्वा तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती आणि मधूनच खोकत होती. आठ महिन्यांच्या लेकराचा खोकला, पण कोरडा, म्हाताऱ्या माणसासारखा. आणि आता त्या खोकल्याच्या वरून हे ऐकायचं. जिनं घालवली ती.

घर साधंच, एक मजली, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. रस्त्याच्या बाजूला दोनच खोल्या. डावीकडं बैठक, तिथं जोतिरामचा प्लॉटिंगचा धंदा चालायचा. सोफा, गार हवेचं मशीन, भिंतीवर प्लॉटचे रंगीत नकाशे. उजवीकडची खोली राजनंदिनीची आणि सिद्धनाथची, आणि तिच्या बरोब्बर डोक्यावर, गच्चीत, पाण्याची मोठी काळी टाकी. बैठक खडखडीत कोरडी. ह्या खोलीला मात्र अशी ओल, की पावसाळा सरून किती महिने झाले तरी भिंतीला गाल लावला तर गार लागायचा. रंग पोपडे धरून सुटलेला. कोपऱ्यात काळी बुरशी, पुसली की पुन्हा आठवड्यात हजर.

डॉक्टरांनी दुर्वाची छाती तपासून विचारलं होतं, “घरात ओल आहे का हो?” बस्स, तेवढं रंभाबाईंना पुरलं. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी निकाल देऊन टाकला होता. “असणारच की. ही दिवसभर खोलीत लंगोट वाळत घालती. खिडकी लावून घेती. भिंत बिचारी काय करंल?”

खोलीत दुपटी-लंगोट वाळत घालायची, हे खरंच होतं. बाहेरच्या दोरीवर घातलं तर कारखान्यांच्या खिडक्यांतून उडणारी कापसाची लव त्यावर बसायची. ती लव लेकराच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून ती आत वाळवायची. हे तिनं सांगितलंही होतं. पण ह्या घरात तिनं सांगितलेलं आणि भिंतीवर बसलेली लव सारखीच. कुणी निरखून बघत नव्हतं.

“आई, सांग तिला,” जोतिराम म्हणाला. तो भावजयीशी कधी थेट बोलायचा नाही. ती समोर असली तरी आईकडं बघून बोलायचा. “पोरीला घेऊन अकलूजला जा म्हणावं काही दिवस. भिंत वाळेपर्यंत. तिकडं मोकळी हवा आहे, कॅनॉल आहे, तिच्या भावाचा वाडीभर ऊस आहे. हितं काम चालू झालं की धूळ उडणार. आणि मग ती खोली मला ऑफिसला लागतीये, तेही बघू.”

तेही बघू. राजनंदिनीनं दुर्वाला दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणजे ठरलेलंच होतं. ती जाणार, भिंत वाळणार, खोलीत टेबल-खुर्ची येणार, आणि ती परत येईल तेव्हा मागच्या पडवीत गाद्यांच्या ढिगाशेजारी झोळी बांधायची. आणि जन्मभर म्हणायचं लोकांनी, ह्या सुनेनं भिंत घालवली, पोरीची छाती घालवली.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. सिद्धनाथ होटगी जंक्शनला पॉइंट्समन होता. रुळांचे सांधे बदलायचा, गाड्या ह्या रुळावरून त्या रुळावर घ्यायचा. घरात मात्र त्याला कुठलाच सांधा बदलता यायचा नाही. तो खाली मान घालून चपलेनं एक खडा इकडून तिकडं ढकलत होता.

“मी धुते भिंत,” राजनंदिनी म्हणाली. “बसवेशअण्णा, तुम्ही कधी येणार परत?”

“रविवारी येतो की, वहिनी.”

“या. भिंत उघडी करून ठेवते. तुम्ही बघा आणि सांगा कशानं गेली. मग ठरवू मी जायचं का नाही.”

“ठरवू म्हंजे?” रंभाबाईंनी मान वळवली. “आन पानी कुटलं घेणार? चार-पाच दिसांनी नळ येतो हितं. अकलूजावानी कॅनॉल न्हाय वाहायला दारातनं.”

“हौदाला हात लावणार नाही, आत्या.”

“बघा आता,” रंभाबाई बसवेशला म्हणाल्या, “भिंत थुकीनं धुनार जनू.”

बसवेश हसला. जोतिरामही हसला. सिद्धनाथ हसला नाही, पण हसू नका असंही म्हणाला नाही. त्या दिवशी राजनंदिनीच्या लेखी दोन्ही एकच होतं.

*

शिडी सिद्धनाथनं आणून दिली, कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून, ड्युटीला जायच्या आधी. भिंतीला टेकवताना म्हणाला, “जपून चढ. मी सुट्टीच्या दिवशी करतो म्हटलं असतं, पण आईला...”

“काय आईला?”

“काही नाही. उगं वाद.”

“वाद नको म्हणून माझी रवानगी चाललीये, कळतंय ना तुम्हाला?”

“रवानगी कशाला म्हणतेस. थोडे दिवस.” त्यानं घड्याळ बघितलं. “बघू.”

हा ‘बघू’ तिच्या डोक्यात दुपारभर खिळ्यासारखा राहिला.

दुर्वा दुपारी जेवढा वेळ झोपायची तेवढाच वेळ तिच्या हातात असायचा. पोरगी झोळीत निजली की ती पदर खोचायची, नाका-तोंडाला ओढणी बांधायची आणि काथ्याचा ब्रश घेऊन शिडी चढायची. कान आत ठेवलेला. झोळीची कडी कुरकुरली की खाली, हात धुऊन लेकराजवळ. पुन्हा निजली की पुन्हा वर. पाण्यासाठी तिनं मोरीत दोन डबे ठेवले होते. दुर्वाच्या अंघोळीचं पाणी, तिची दुपटी खळबळून उरलेलं पाणी, सगळं त्यांत साठवायचं. ते पाणी भिंतीवर मारलं की भर उन्हात, त्या धुरकट गल्लीत, लेकराच्या साबणाचा वास दरवळायचा, आणि घाम पुसता पुसता राजनंदिनीला एकदम भरून यायचं. मग त्याचाच तिला राग यायचा. रडायला वेळ नव्हता.

पण पाणी नंतरचं. आधी कोरडंच घासायचं, एवढं तिला ठाऊक होतं. माहेरी गोठ्याच्या भिंती तशाच साफ करायचे. ओल्यावर घासलं की चिखल होतो, आणि खाली काय आहे ते कळतच नाही.

समोरच्या ओट्यावर अकबरीखाला मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत बसलेली असायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे, तिच्या पायाशी पांढरा डोंगर, आणि त्यामागून तिचा आवाज.

“क्या गे अकलूजवाली. भिंतीला न्हाऊमाखू घालतीस का?”

“हो खाला. बारसं आहे रविवारी.”

“मग पेढे कुणाचे? जोतिरामचे?” मशीन थांबलं. “तो तर बोलला होता ग्रेनाइट लावणार. आख्ख्या गल्लीत चमकणार बोलला. मी म्हटलं, बाबा, तू चमक, पण तुझी चमक माझ्या शिलाईच्या डोळ्यावर नको मारू.”

राजनंदिनीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. हसता हसता ब्रश डावीकडं बैठकीच्या बाजूला फिरत होता, आणि तिथली लव सुकी होती. झटकली की पिठासारखी भुरभुर खाली. निळसर रंग तसाच आत, शाबूत. मग शिडी तिनं उजवीकडं सरकवली, आपल्या खोलीच्या बाहेर, आणि ब्रश अडला.

इथली लव झटकून जाईना. ती घोंगडीसारखी थापून बसली होती. नखानं उचकटली की पट्टीच्या पट्टी सुटायची आणि खाली काळंशार. तिनं थोडं मागं झुकून बघितलं. मग शिडी उतरून, रस्ता ओलांडून, खालाच्या ओट्याजवळ जाऊन बघितलं.

लव सगळ्या भिंतीवर उडत होती, पण चिकटली होती फक्त जिथं ओल होती तिथं. म्हणजे ती करडी घोंगडी हाच ओलीचा नकाशा होता. आणि तो नकाशा खिडकीपासून सुरू होत नव्हता. खिडकीच्या आजूबाजूला, जिथं आतून तिची दोरी होती, तिथं तर हातभर जागा सुकी होती. नकाशा सुरू होत होता वर, गच्चीच्या कठड्याखाली, टाकीच्या जरा डावीकडं. तिथून अरुंद निघून, खाली येता येता रुंद होत, सुटलेल्या वेणीसारखा तिच्या खोलीवर पसरला होता.

“काय बघतीस?” खाला म्हणाली.

“काही नाही,” राजनंदिनी म्हणाली. पण ती कठड्याकडंच बघत होती. लंगोटांचं पाणी खाली पडतं. ते वर कठड्यापर्यंत कसं चढेल?

तिनं हे रात्रीच्या भाकरीच्या वेळी सासूला सांगितलं. शांतपणे, समजावून. रंभाबाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “आता तू विंजेनेर झालीस.”

“तुम्ही एकदा बाहेर येऊन बघा ना, आत्या.”

“बघायचं काय त्यात? घर माज्या डोळ्यादेखत बांदलंय. तुजा सासरा जित्ता हुता तवा ह्या भिंतीला थेंब न्हवता. तू आलीस, लेकरू झालं, ओल आली.”

लेकरू झालं, ओल आली. जणू दुर्वाच ती ओल घेऊन पोटातून आली होती. राजनंदिनी ताटावरून उठली. आणखी बसली असती तर परातच उपडी केली असती.

*

नळ आला तो रविवारच्या आधी, आठवड्याच्या मधल्या दिवशी. पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली वेड लागल्यासारखी धावते. ज्याच्या घरात जे भांडं असेल ते भरायचं, हौद भरायचा, मग मोटर लावून गच्चीतली टाकी. जोतिरामनं मोटर चालू केली आणि फोनवर बोलत आत गेला. मोटर किती वेळ चालली ह्याकडं त्या घरात कुणाचं लक्ष नसायचं. आपण भरून घेतलं नाही तर दुसरे ओढून घेतील, एवढीच धास्ती.

राजनंदिनी बाहेर येऊन भिंतीला तळवा लावून उभी राहिली. ऊन चांगलं तापलं होतं. तिनं त्या भागावरची घोंगडी आदल्या दिवशीच खरवडून काढली होती आणि भिंत सकाळपासून वाळून फिकी पडली होती. आधी काही नाही. मग तिच्या डोळ्यांदेखत, कठड्याखाली, एक गडद डाग उमटला. कपाळावर घाम फुटावा तसा. मोठा होत गेला, ओघळ सुटले, आणि हाताखालची तापलेली भिंत गार पडली.

ती शिडी चढली. ब्रश, तारेची घासणी, लेकराच्या अंघोळीचं पाणी. रागानं घासत होती. हाताची सालटी निघाली ते तिला कळलं नाही. शेवाळ गेलं, काळं गेलं, आणि डागाच्या मुळाशी एक गोल दिसला. बशीएवढा. आजूबाजूच्या गिलाव्यापेक्षा वेगळ्याच रंगाच्या सिमेंटनं बुजवलेला, आणि त्याच्यावर थापी न फिरवता नुसत्या हातानं दाबल्याच्या खुणा, चार बोटं स्पष्ट उमटलेली.

“खाला,” तिनं वरूनच हाक मारली, “इथं आधी काय होतं?”

अकबरीखालानं चष्मा कपाळावर सरकवला. “पाइप होता की, तू लग्न होऊन यायच्या आधी. तुमची टाकी भरली की जादाचं पाणी तिथनं गल्लीत. धो धो. इथं आम्ही घागरीसाठी मरायचं आणि तुमचं पाणी गटारीत. एक दिवस मी तुझ्या सासूच्या तोंडावर बोलली, जोतिरामच्या पण बोलली, सगळ्या गल्लीसमोर. लाज वाटली असेल. दुसऱ्या आठवड्यात पाइप गायब. मी म्हटलं, चला, मोटर बंद करायला शिकले.” ती बोलायची थांबली. शिडीवरच्या राजनंदिनीकडं, मग भिंतीकडं बघत राहिली. “शिकले नाहीत का?”

“नाही,” राजनंदिनी म्हणाली. “तोंड बुजवलं नुसतं.”

पाणी वाया जाताना लोकांना दिसू नये म्हणून. एवढ्यासाठी. पाणी थांबवलं नव्हतं, दिसायचं थांबवलं होतं, आणि ते दर पाण्याच्या दिवशी आतल्या आत भिंतीत उतरत होतं, तिच्या लेकराच्या उशाशी.

सिद्धनाथ ड्युटीवरून आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला नाही, पाणीसुद्धा नाही. हात धरून बाहेर आणलं आणि वर बोट दाखवलं. “तो गोल कुणी बुजवला?”

त्यानं बघितलं. “दादानं,” तो म्हणाला. “मी सिमेंट कालवून दिलं होतं.”

“तुम्ही.”

“अगं, मला वाटलं दादानं पाणी दुसरीकडं काढलं असेल. गच्चीत वगैरे.”

“विचारलं नाहीत?”

“नाही. दादा म्हणाला सिमेंट कालव, तर...”

“आणि पोरगी खोकायला लागली तेव्हा? आत्या मला लंगोटांवरून बोलत होत्या, तुम्ही शेजारी बसून जेवत होतात, तेव्हा एकदा तरी हा पाइप आठवला का तुम्हाला?”

खरं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर होतं. आठवला होता. आठवून त्यानं तो पुन्हा बुजवला होता.

“होटगीला असं करता का?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “गाडी येताना दिसते आणि तुम्ही म्हणता, दुसऱ्या कुणीतरी सांधा बदलला असेल?”

*

रविवारी बसवेश आला तेव्हा नळही आला. जोतिरामनं मोटर लावली, आणि टाकी भरली तरी ती चालूच असताना पांढरा शर्ट घालून बाहेर उभा राहिला. फरशीचे नमुने बघायचे होते. रंभाबाई उंबऱ्यात. सिद्धनाथ दुर्वाला घेऊन पायरीवर. राजनंदिनी आधीच शिडीवर होती, हातात छिन्नी आणि हातोडा. गोठ्यातला खुंटा ठोकावा तशी तिनं छिन्नी गोलावर धरली.

“वहिनी, काय करताय?” बसवेश म्हणाला.

“तुम्ही म्हणालात ना, खाली काय दडलंय ते दिसू दे.”

पहिला घाव बसला. सिमेंटचे तुकडे उडाले.

“आई, सांग तिला,” जोतिराम म्हणाला, “भिंत फोडू नको म्हणावं.”

दुसरा घाव. तिसरा.

“आई, तिला...” आणि मग त्याला आईकडं बघायला वेळ उरला नाही. “राजनंदिनी. खाली उतर आधी. राजनंदिनी, तुला सांगतोय मी.”

“सांगा की दादा. ऐकतीये.”

पुढच्या घावाला गोलाचा खडपा सुटला आणि त्यामागून पाणी आलं. आधी गढूळ, सिमेंटच्या चुऱ्यासकट, मग स्वच्छ, मनगटाएवढी धार, कमान धरून भर रस्त्यात. बसवेश बाजूला झाला, जोतिराम झाला नाही. त्याच्या शर्टावर करडे शिंतोडे उडाले. बायका भांडी घेऊन दारांत आल्या. कुणीतरी हंडा धारेखाली लावलाही.

“वाह,” अकबरीखाला ओट्यावरून म्हणाली. “नदी आली. जोतिराम, प्लॉट विकताना सांग, नदीकाठचं घर आहे.”

“ते पाणी बंद कर,” जोतिराम राजनंदिनीवर ओरडला.

“मी कशी करू? मोटरचं बटण तुमच्या दाराशी आहे.”

तो आत धावला. मोटर थांबली, धार मऊ पडली, थेंब थेंब झाली. गल्लीत क्षणभर फक्त कारखान्यातल्या मागांचा आवाज उरला.

राजनंदिनी उतरल्यावर बसवेश शिडी चढला, भोकात हात घालून चाचपलं, खाली आला आणि हात झटकले. “जोत्या,” तो हळू म्हणाला, “काय बे, टाकी भिंतीत रिकामी करतोस होय? आतला सांधा केव्हाच उखडलाय. ह्याच्यावर फरशी मारली असती तर सगळं पाणी आत ढकललं गेलं असतं, थेट ह्यांच्या खोलीत. फरशी विसर. आधी हा पाइप काढायचा. आतला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवायची, उन्हाळाभर. मग बघू. आणि तोवर त्या खोलीत कुणी झोपायचं नाही. लेकरू तर अजिबात नाही.”

राजनंदिनी शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. चुकलं म्हणेल, किंवा निदान ‘व्हय’ म्हणेल.

रंभाबाई म्हणाल्या, “तेच तर मी म्हनत हुते. जाऊ दे तिला अकलूजला. पोरीसाठीच म्हनती मी.”

तेव्हा राजनंदिनीच्या आत जे काही धरून ठेवलेलं होतं ते सुटलं. ती उठली. सिद्धनाथच्या हातातून तिनं दुर्वाला घेतलं, सासूच्या बाजूनं उंबरा ओलांडला, खोलीतली झोळी कडीवरून सोडली आणि ती घेऊन सरळ बैठकीत गेली. गार हवेचं मशीन बंद केलं. दोन्ही खिडक्या उघडल्या. मधल्या तुळईला पंख्यासाठी एक जादा कडी होती, तिच्यात दोरी ओवायला तिचा हात पुरेना.

“हे काय चाललंय?” जोतिराम दारात आला. “माझी गिऱ्हाइकं येतात इथं.”

“घरातली कोरडी खोली ही आहे,” ती म्हणाली. “तुमच्या पाण्यानं माझ्या लेकराची छाती भरली, दादा. आत्या मला बोलत होत्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं. अकलूजला मी जाईन, दिवाळीला, भावाला ओवाळायला. आज नाही जाणार.”

“सिद्ध्या, सांग हिला.”

सिद्धनाथ आत आला. भावाच्या अंगाला अंग घासून, वळसा न घालता. त्यानं सोफ्यावर चढून दोरी कडीतून ओवली, गाठ मारली आणि आपलं सगळं वजन टाकून ओढून बघितली. “सोफा मागं सरकव दादा,” तो म्हणाला. “झोका लागेल.”

राजनंदिनीनं त्याच्याकडं बघितलं नाही. एका गाठीनं ते कालवलेलं सिमेंट फिटणार नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक असावं, कारण तो काही न बोलता उशा आणायला परत गेला.

दुपारी सोफा भिंतीला लागला होता आणि प्लॉटच्या नकाशांच्या खालून, ह्या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, लंगोटांची दोरी बांधलेली होती. दुर्वा झोळीत निजली होती, मुठी उघड्या टाकून. रंभाबाई बऱ्याच वेळानं आल्या आणि झोळीपाशी उभ्या राहिल्या.

“अकबरी चारचौघांत बोलली तवा मला लई लागलं हुतं,” त्या झोळीकडं बघत म्हणाल्या. “मीच म्हनले जोत्याला, काढ तो पाइप डोळ्याम्होरनं.”

“मोटर बंद करा म्हणायचं होतं, आत्या.”

“व्हय,” रंभाबाई म्हणाल्या. मग झोळीची दोरी सारखी करत, “तवा सुचलं न्हाय.”

राजनंदिनी ‘असू द्या’ म्हणाली नाही. जिभेवर आलेलं तिनं गिळलं. असू द्यायचंच नव्हतं.

चारच्या सुमाराला वळसंगकडचा एक जण प्लॉटची चौकशी करत आला. जोतिरामनं त्याला बाहेरच्या पायरीवरच बसवलं, आतून खुर्चीही आणली नाही. त्या माणसाची नजर भिंतीवर गेली; अर्धी निळी, अर्धी काळी, वर उघडं भोक, खाली ओघळ.

“भिंतीला काय झालं हो?”

बैठकीची खिडकी उघडी होती. आत राजनंदिनीनं झोळीचा झोका थांबवला.

“जुनं बांधकाम आहे,” जोतिराम म्हणाला. “थोडी ओल धरती.”

“दादा,” राजनंदिनी आतून म्हणाली. लेकरू जागं होणार नाही एवढ्याच आवाजात, पण रस्त्यापर्यंत पोचेल असं. “पाव्हण्यांना नीट सांगा.”

समोर अकबरीखालाचं मशीन थांबलं. राजनंदिनी उठून खिडकीत आली आणि गजांना धरून उभी राहिली, जोतिरामच्या पाठीवर नजर रोखून. आज रात्रभर उभं राहावं लागलं असतं तरी ती राहिली असती.

जोतिरामनं वरच्या उघड्या भोकाकडं बोट केलं.

“टाकीचा पाइप होता,” तो म्हणाला. “मी बुजवला होता.”